अलास्कात सहकुटुंब राफ्टवरून सॅल्मन गरवायला: कुठली नदी, कुठला महिना?

वेंगुर्लेकरीण

मंडळी, नमस्कार.

आम्ही सिएटलजवळ राहतो. यंदा उन्हाळ्यात बाबा येतायत. वय ६८, नोकरी बँकेत झाली पण जीव कायम वेंगुर्ल्याच्या खाडीत. रविवारी गरी घेऊन बाहेर पडले नाहीत तर शेजारी चौकशीला येतात. गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. काय बघायचंय विचारलं तर म्हणाले, "ते उंदराचं उद्यान नको. सॅल्मन नदी चढताना दाखव, आणि एक तरी माझ्या हाताने काढू दे."

यावरून नवऱ्याने जो बेत रचलाय तो असा: अलास्कात जायचं, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने एखाद्या तळ्यात उतरायचं, राफ्ट फुगवायची आणि आठवडाभर नदी नेईल तसं खाली यायचं. मुक्काम गोट्यांच्या बेटांवर, तंबूत. रस्ता नाही, फोन नाही. सोबत मुलगा (१४), मुलगी (१०), मी आणि बाबा. नवरा राफ्ट चांगली वल्हवतो, ओरेगॉनच्या डेशूट्स नदीवर बरेच उन्हाळे घालवलेत. माझी पात्रता तंबूत झोप लागते एवढीच.

यादीत दोन नद्या उरल्यात. एक कानेकटोक: कागाती तळ्यावर उतरायचं आणि बेरिंग समुद्राकाठच्या क्विनहागाक गावात बाहेर पडायचं. दुसरी गुलकाना: अँकरेजहून गाडीने पॅक्सन तळ्यापर्यंत, तिथून खाली सावरडो कॅम्पग्राउंडपर्यंत. नवरा पहिलीच्या बाजूने, मी कुठल्याच नाही. प्रत्यक्ष गेलेल्यांनी सांगा: कुठली, कधी, गाइड घ्यावा का, आणि अस्वलांचं काय?

"कॉस्टकोत मिळतो की" असा प्रतिसाद देणार असाल तर आगाऊ नमस्कार.

बंडोपंत

कॉस्टकोत मिळतो की.

रिकामटेकडा

पहिल्याच प्रतिसादात विकेट! खुर्ची टाकून बसलोय.

उत्तरवासी

अँकरेजमध्ये बरीच वर्षं आहे, दोन्ही नद्या पाहिल्यात, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी महिना ठरवा, नदी मागाहून. पाच जातींचे सॅल्मन वेगवेगळ्या वेळी चढतात. किंग साधारण मध्य जून ते मध्य-अखेर जुलै. सॉकाय जूनअखेर ते जुलै. चम जुलैत. पिंक पश्चिम अलास्कात सम वर्षी जास्त, जुलैअखेर-ऑगस्ट. कोहो म्हणजे सिल्व्हर ऑगस्ट ते सप्टेंबरची सुरुवात. मुलांना आणि आजोबांना मजा यायची असेल तर कोहो. तो चमचा, फिरकी, माशी, कुठल्याही नकली आमिषावर झडप घालतो आणि लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो. सॉकायचं तसं नाही. तो समुद्रात बारीकसारीक प्लवक खाऊन वाढतो आणि नदीत शिरल्यावर खाणं सोडतो, त्यामुळे आमिषाकडे ढुंकून बघत नाही. तो मिळवायची वेगळी युक्ती आहे, ती दहा वर्षांच्या मुलीला पटकन जमणार नाही.

आता नद्या. कानेकटोक टोगियाक राष्ट्रीय अभयारण्यातून वाहते. मोठे खळाळ नाहीत, पाचही सॅल्मन येतात, शिवाय ठिपकेदार रेनबो ट्राउट. पण मधल्या पट्ट्यात नदी वेण्या घातल्यासारखी फुटते आणि प्रत्येक फाट्यात काठावरची झाडं आडवी पडलेली. चुकीच्या फाट्यात शिरलात की समोर लाकडाची जाळी, आणि पाणी तुम्हाला सरळ तिच्यात ढकलतं. खळाळांनी मेलेल्यांपेक्षा या आडव्या झाडांनी घाबरवलेले लोक मला जास्त भेटलेत.

गुलकाना १९८० सालच्या कायद्याने 'वाइल्ड अँड सिनिक' (म्हणजे मूळ रूपात जपायची) ठरलेली नदी, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात. पॅक्सन ते सावरडो पन्नासेक मैल, तीन-चार दिवस. सुरुवातीला तळ्यावर तीनेक मैल सपाट पाण्यात वल्हवावं लागतं, समोरून वारा असेल तर नवऱ्याचा आवेश तिथेच उतरेल. मध्ये कॅन्यन रॅपिड, पाव मैलाचा, तिसऱ्या वर्गातला, म्हणजे मध्यम अवघड. ज्यांना नको त्यांच्यासाठी सामान वाहून न्यायची पायवाट आहे. त्यानंतर काही मैल उथळ आणि खडकाळ, दमवणारे. पुढे निवांत. किंग, सॉकाय, रेनबो आणि ग्रेलिंग. ग्रेलिंग लहान मुलांसाठीच देवाने केलाय, छोट्या फिरकीला सारखा लागतो.

गाडी सावरडोला ठेवा, दोन्ही टोकांत रस्त्याने तीसेक मैल आहेत.

माझं मत: पहिल्यांदा गुलकाना.

कोंबडीचोर

उत्तरवासी, माहिती भारी. पण एक शंका. गुलकानात कोहोचा उल्लेख नाही. म्हणजे तुम्ही म्हणता मजा कोहोत आणि पाठवता मात्र गुलकानाला?

उत्तरवासी

@कोंबडीचोर, बरोबर पकडलंत. गुलकाना ही किंग आणि सॉकायची नदी, कोहोसाठी तिथे कोणी जात नाही. पण प्रश्न 'माशासाठी सर्वोत्तम' असा नाहीये, 'या पाच जणांसाठी' असा आहे. आजोबांना एक मासा हवाय. तो काढून द्यायला कितीतरी जागा आहेत. कूपर लँडिंगला वरच्या केनाई नदीवर गाइडसोबत होडीतून एक दिवस बसवा. राफ्टचा प्रवास वेगळा, मासा वेगळा. दोन्ही एकाच पिशवीत भरायचा हट्ट केला की कानेकटोक गाठावी लागते.

सह्याद्रीचा_दगड

मी असहमत. इतका खर्च करून अलास्कात जायचं आणि रस्त्यालगतच्या नदीवर उतरायचं? ते पाण्यावर उतरणारं छोटं बीव्हर विमान तळ्यावरून उडून डोंगरामागे जातं, त्याचा आवाज विरतो आणि तुम्ही पाच जण उरता. माझ्या मुलांनी त्यानंतर बराच वेळ एकमेकांशी भांडण केलं नव्हतं. हा अनुभव गाडीच्या डिकीतून मिळत नाही. आम्ही कानेकटोक केलीय, मुलगी तेव्हा तुमच्या मुलीएवढीच.

मात्र काही गोष्टी सांगतो ज्या जाहिरातीत नसतात. विमानात वजन मोजून घेतात, माणसांसकट. बीव्हर साधारण हजार-अकराशे पौंड उचलतं. पाच माणसं, चौदा फुटी राफ्ट, वल्ही, लोखंडी सांगाडा, आठवड्याचं अन्न, म्हणजे दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत कोण आणि काय जातं ते नीट ठरवा. आमच्या वेळी पहिल्या फेरीत मी आणि मुलगा, सोबत राफ्ट. तंबू आणि अन्न दुसऱ्या फेरीत. मध्येच ढग उतरले आणि दुसरी फेरी आली दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभर राफ्ट उलटी करून तिच्याखाली बसलो, खायला एक चिवड्याचं पाकीट. ते पाकीट आम्ही दोघांनी शेंगदाणे मोजून वाटून खाल्लं. तेव्हा प्रत्येक फेरीत एक तंबू, थोडं अन्न आणि एक मोठा माणूस हवाच.

आणि परतीच्या विमानाच्या पुढे किमान दोन दिवस मोकळे ठेवा. वैमानिक "आज नाही" म्हणाला की वाद घालायचा नाही.

अनघा_ओक

माफ करा, पण कोणीतरी बोलायलाच हवं. दहा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांचे आजोबा, जवळचं हॉस्पिटल विमानाच्या अंतरावर, आसपास तपकिरी अस्वलं. हौस कोणाची आणि धोका कोणाला? नवऱ्याला एवढी हौस असेल तर मित्रांबरोबर जावं.

सह्याद्रीचा_दगड

ताई, रात्री मुंबई-गोवा महामार्गावरून सहकुटुंब कोकणात जाता तेव्हा हाच प्रश्न विचारता का?

अनघा_ओक

तिथे १०८ ला फोन लागतो.

रिकामटेकडा

संगमेश्वरच्या पुढे तो पण लागत नाही. (हलके घ्या.)

डॉ_पित्त

अनघाताईंचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, पण अस्वल हे चुकीचं भय आहे. खरं भय पाण्याचं. असल्या नद्यांचं पाणी जुलैतही आपल्या फ्रिजमधल्या बाटलीइतकं गार असू शकतं. थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी एक ठोकताळा शिकवतात: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. पहिल्या मिनिटात श्वास आवरता आला पाहिजे, कारण गारठ्याच्या धक्क्याने तोंड उघडतं आणि पाणी आत जातं. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला तासभर जातो, म्हणजे तोवर तरंगत राहिलात तर. लाइफ जॅकेटशिवाय यातलं काहीच लागू नाही. अलास्कात उघड्या होडीत १३ वर्षांखालच्या मुलांना ते सक्तीचं आहे, तुम्ही पाचही जणांना सक्तीचं करा. काठावर उभं राहून गरवतानासुद्धा. सुती कपडे घरी.

बाबांबद्दल: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? मासे साफ करताना, गळ काढताना हाताला जखमा होतातच. हृदयाचं काही असेल तर भारतातून निघायच्या आधी तपासणी करा, इथल्या प्रवासी विम्यात जुन्या आजाराची कलमं नीट वाचा, आणि विमानाने रुग्ण हलवण्याचा विमा वेगळा घ्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्यानेही मिळतं. ते एका माणसाच्या अंगावर हवं, बॅगेत नको. राफ्ट गेली तर बॅगही जाते.

मालवणी_खाजा

माका एक कळना नाय. थंय लोक धरलेलो मासो परत सोडतत म्हणे. येवढे पैसे घालून मासो धरूचो आणि परत सोडूचो? आमच्याकडे कोणी असा केल्यान तर तेका दृष्ट लागली म्हणान मिरची ओवाळतीत.

वेंगुर्लेकरीण

@मालवणी_खाजा, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. फोनवर इतके हसले की ठसका लागला.

@डॉ_पित्त, बीपीची गोळी आहे, रक्त पातळ करायची नाही. तपासणीची वेळ घेतलीय.

@सह्याद्रीचा_दगड, तुमच्या मुलीला अस्वलं भेटली का? आणि तेव्हा काय केलंत?

सह्याद्रीचा_दगड

भेटली म्हणजे दिसली. बहुतेक वेळा दूर, पाण्यात उभी, आपल्या कामात. नियम सोपे आहेत, कंटाळा न करता पाळायचे. स्वयंपाक तंबूपासून शंभर यार्डांवर. अन्न, टूथपेस्ट, सनस्क्रीन, सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात. मासा तंबूजवळ साफ करायचा नाही, आतडी जोरदार प्रवाहात टाकायची. गळाला मासा असताना अस्वल आलं तर दोरी कापायची, मासा वाचवायचा नाही. एकदा त्याला कळलं की माणसं मासे देतात, की पुढच्या कुटुंबाची पंचाईत. आम्ही तंबूभोवती बॅटरीवरचं विजेचं कुंपण लावायचो, वजन फार नसतं, झोप मात्र लागते.

आणि आवाज. झुडपांतून जाताना गप्प जायचं नाही. इतर लोक "हे बेअर" ओरडतात. आमची मुलं "गणपती बाप्पा" आणि "मोरया" आलटून पालटून ओरडायची. अस्वलांना दोन्ही सारखंच.

अस्वलाचा स्प्रे नेहमीच्या प्रवासी विमानात नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. तिथे पोचून घ्या, आणि छोट्या विमानाच्या वैमानिकाला आधी सांगा. तो बहुधा बाहेर पाण्यावरच्या फ्लोटमध्ये ठेवतो. केबिनमध्ये फुटला तर सगळेच रडत उतराल.

बंडोपंत

यंदाच्या गणपतीत अस्वल आरतीला आलं तर मोदक डब्यात ठेवा.

तुळशीबागवाली

सगळे माशांवर बोलतायत, मी बायकांचा प्रश्न विचारते. शौचाचं काय? रोज सकाळी पाच जणांनी गोट्यांच्या बेटावर कुठे जायचं? झुडपांत अस्वल आणि उघड्यावर सासरे!

उत्तरवासी

@तुळशीबागवाली, सासरे नाहीत, बाबा आहेत.

प्रश्न रास्त आहे. सोबत नेण्याचं डबा-शौचालय राफ्टवर सहज मावतं, घट्ट झाकणाचं असतं, आणि राफ्टच्या प्रवासात वजनाची चिंता नसते. छोटा आडोसा-तंबू मिळतो. एक माणूस स्प्रे घेऊन दहा पावलांवर पाठ करून उभा राहतो. पहिल्या दिवशी लाजतात, तिसऱ्या दिवशी क्रमांक लावतात. डास मात्र जालीम. जाळीची टोपी प्रत्येकाला. डीट (डासांचं औषध) लावलेल्या हाताने गरवायची दोरी किंवा चष्म्याचं प्लास्टिक धरू नका, ते वितळतं.

कुस्कोक्विम_काठ

बरेच दिवस वाचतेय, आज लिहिते. मी कुस्कोक्विम नदीकाठच्या बेथेल गावात एका औषधालयात काही वर्षं काम केलं. कानेकटोकला जाणारे बरेच लोक तिथून जातात, विमानतळावर त्यांच्या गरवायच्या भारी काठ्या आणि कोरे करकरीत वेडर्स (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारी) बघायची.

क्विनहागाक हे युपिक या मूळनिवासी लोकांचं गाव आहे. त्यांच्यासाठी सॅल्मन म्हणजे हिवाळ्याची बेगमी. उन्हाळ्यात मासळी वाळवायच्या मांडवांवर लाल पट्ट्या टांगलेल्या असतात, धुराच्या खोलीत वास दरवळत असतो. तिथल्या वडीलधाऱ्यांना मासा पकडून सोडणं मनापासून खटकतं. अन्नाशी खेळू नये, खेळलात तर मासा परत येणार नाही, असं ते सांगतात. @मालवणी_खाजा यांनी गमतीत जे लिहिलं ते तिथल्या एखाद्या आजीने गंभीरपणे सांगितलं असतं.

आणि मासा खरंच कमी होतोय. युकॉन नदीवरच्या किंगसाठी अमेरिका आणि कॅनडाने एप्रिल २०२४ मध्ये करार करून सात वर्षांची विश्रांती जाहीर केली. म्हणजे माशाचा एक पूर्ण जीवनक्रम. कुस्कोक्विमवरही स्थानिक लोकांच्या जाळ्यांवर निर्बंध आलेत. घरात पिढ्यान्पिढ्या वाळत आलेली मासळी यंदा नाही, आणि नदीवर बाहेरून आलेले लोक काठी घेऊन हौस करतायत, हे दृश्य त्यांच्या बाजूने बघा. जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण कसं जायचं याचा विचार करूनच जा.

नदीच्या खालच्या पट्ट्यात काठची बरीच जमीन गावकऱ्यांच्या मालकीच्या कंपनीची, म्हणजे खाजगी आहे. तंबू नदी भरून वाहताना पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या आतल्या, उघड्या गोट्यांवरच टाका.

हुक_लाइन

कुस्कोक्विम_काठ, भावना समजतात पण आकडे वेगळं सांगतात. अलास्कातल्याच ब्रिस्टल उपसागरात २०२२ साली सात कोटी नव्वद लाख सॉकाय परतले, विक्रम होता तो. सगळीकडे टंचाई आहे असं नाही. शिवाय बिनकाट्याचा एकच गळ वापरला, मासा पाण्यातच ठेवून सोडला, तर बहुतेक मासे वाचतात. स्थानिकांची जाळी आणि चार हौशी लोकांच्या काठ्या एका तराजूत घालू नका. किंग घटण्याचं कारण समुद्रात आहे, राफ्टवर नाही.

कुस्कोक्विम_काठ

ब्रिस्टलचे सॉकाय आणि युकॉनचे किंग ही एका घराची शिल्लक नाही. एका नदीला पूर आला म्हणून दुसऱ्या नदीकाठच्या माणसाची कढई भरत नाही. समुद्रातलं कारण मान्य, गरम पाणी, खाण्याची चणचण, बोटींच्या जाळ्यात नको असताना सापडणारा मासा, सगळं आहे. पण म्हणूनच उरलेल्यांना हात लावताना जपून. "बहुतेक वाचतात" यातल्या न वाचणाऱ्यांचं काय, हाच तर त्या आजींचा मुद्दा.

कोंबडीचोर

मग व्यवहार्य तोडगा काय? खायचा तेवढा धरा आणि थांबा?

कुस्कोक्विम_काठ

मला तरी तोच पटतो. जेवणापुरता झाला की काठी ठेवा आणि नदी बघा. मुलांना जड जाईल, मोठ्यांना त्याहून जड.

आणि क्विनहागाकला पोचलात तर विमान गाठायची घाई न करता तिथलं नुनालेक या जुन्या वस्तीचं संग्रहालय बघा. समुद्र किनारा खात चालला म्हणून गावाने २००९ पासून अ‍ॅबरडीन विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंडळींबरोबर उत्खनन केलं, गोठलेल्या मातीतून लाकडी मुखवटे, बाहुल्या, हत्यारं निघाली. ते सगळं बाहेरच्या शहरात न पाठवता २०१८ मध्ये गावातच ठेवलं. ऑक्टोबर २०२५ च्या वादळात उत्खननाच्या जागेचा किनारा तुटून बऱ्याच वस्तू वाहून गेल्या, गावकऱ्यांनी चिखलातून शेकडो परत गोळा केल्या.

अनघा_ओक

हा धागा सहलीवरून कुठल्या कुठे गेला, पण हे माहीत नव्हतं. धन्यवाद, कुस्कोक्विम_काठ.

चातुर्मासी

सगळ्यांनी एक मूलभूत गोष्ट दुर्लक्षिली आहे. कोहो ऑगस्टमध्ये. यंदा अधिक ज्येष्ठ असल्याने श्रावण १३ ऑगस्टला लागतोय. बाबा श्रावण पाळतात का?

वेंगुर्लेकरीण

अरे देवा. पाळतात. कडक. सोमवारी तर एकभुक्त.

मालवणी_खाजा

म्हणजे १२ तारखेक गटारी नदीर! तेच्या फुडे बाबांका वल्ही मारूक लावा.

रिकामटेकडा

नदीने स्वतःच मुहूर्त काढून दिला: ऑगस्टचा पहिला आठवडा. कोहोची सुरुवात आणि आषाढाचा शेवट. पंचांगकर्त्यांना अलास्काचा दौरा द्या.

उत्तरवासी

हसू नका, ही खरंच चांगली वेळ आहे. कोहो नुकते शिरू लागलेले असतात, समुद्राच्या बाजूला चांदीसारखे चकचकीत. सॅल्मन नदीत जितका वर जातो तितका लाल, नाकाड आणि खायला बेचव होतो. कारण तो अंगातली चरबी जाळूनच चढत असतो, आणि पाचही जाती अंडी घालून झाल्यावर मरतात. त्यामुळे वरून खाली राफ्टने येताना पहिल्या दिवसांत दिसणारा लालभडक मासा फक्त बघायचा, खायचा तो शेवटच्या टप्प्यावरचा. शिवाय बर्फ नसतो. आधीपासून मासे जमवत आलात तर राफ्टवर वास आणि मागे अस्वल.

गुलकानाचं गणित उलटं: तिथला मासा कॉपर नदीतून शेकडो मैल चढून आलेला. निघताना भरपूर चरबी घेऊन निघतो म्हणून कॉपरच्या माशाचं नाव आहे, पण वर पॅक्सनजवळ तो रंग बदललेला मिळेल.

पार्लेकर_आजी

माझ्या नातवासाठी विचारते, तो बोस्टनला असतो. सॅल्मन आपल्या मसाल्यात चालतो का? मी एकदा तिरफळ घालून केला तर सगळं तेल वर आलं.

मालवणी_खाजा

आजी, नारळाच्या वाटपात घालू नकात. त्याची चरबीच पुरता, वर आणि खोबऱ्याचा तेल कित्याक? कोकमाचा आगळ, हळद, मीठ, मिरची लावून तासभर ठेवा आणि रव्यात घोळवून तव्यार टाका, तेल नावापुरता. आगळ चरबीक बरोबर कापता.

हुक_लाइन

अवांतर पण महत्त्वाचं: १४ वर्षांच्या मुलाला नदीकाठी सुशी करायची हुक्की येईल. ताज्या सॅल्मनमध्ये जंतुकृमी असू शकतात, आणि 'आत्ता काढला' याने ते मरत नाहीत. कच्चा खायचा असेल तर उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवावा लागतो. नदीवर शिजवूनच खा.

आणि लायसन्स विसरू नका. १६ वर्षांखालच्या परराज्यातल्या मुलांना लागत नाही, तुम्हा तिघा मोठ्यांना लागतं, बाबा पाहुणे असले तरी. किंग धरायचा असेल तर त्यावर वेगळा शिक्का. मासा तोंडाऐवजी अंगाला गळ अडकून आला तर लगेच सोडायचा, मग तो कितीही मोठा असो.

सह्याद्रीचा_दगड

मुलीसाठी एक खेळ: पाच जाती हातावर लक्षात राहतात. अंगठा म्हणजे थम, यमक चम. तर्जनी डोळ्यात जाते, म्हणून सॉक-आय. मधलं बोट सगळ्यात मोठं, किंग. अनामिकेत अंगठी, सिल्व्हर. करंगळी, पिंक. आमची मुलगी अजून लग्नात कोणाची अंगठी बघितली की "कोहो" म्हणते.

बंडोपंत

अलास्कात राहणाऱ्यांना मासे फुकट मिळतात म्हणे? @उत्तरवासी, पत्ता द्या.

उत्तरवासी

फुकट नाही, हातजाळ्याने. केनाईच्या मुखाशी राज्यातल्या रहिवाशांनाच परवानगी, कुटुंबप्रमुखाला २५ आणि पुढे माणशी १०. चौघांचे ५५. छातीभर गार पाण्यात मोठ्ठं जाळं धरून उभं राहायचं, शेजारी शंभर माणसं, मागे सीगल. वर्षभराची मासळी दोन दिवसांत. तुम्ही पाहुणे म्हणून जाळं धरूही शकत नाही. फार तर बर्फ वाहून न्या.

वेंगुर्लेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवरा, बाबा (फोनवर) आणि मी बसून सगळा धागा वाचला. ठरलं ते सांगते, चूक वाटलं तर अजून वेळ आहे.

नवरा अजून कानेकटोकवरच होता. बाबांनी निकाल लावला. म्हणाले, "जिथे मुलगी पाण्यात पडली तर तू उडी मारशील आणि तुझ्यामागे मी, ती नदी नको." तेव्हा यंदा गुलकाना, जुलैअखेर. कॅन्यन रॅपिडला आम्ही चौघं पायवाटेने, नवरा आणि अँकरेजचा एक अनुभवी मित्र राफ्ट उतरवतील. मित्र त्याची राफ्ट आणतोय, म्हणजे दोन राफ्ट. एक अडकली तर दुसरी आहे, हा मुद्दा इथे कोणीच काढला नव्हता, बाबांनी काढला. खाडीत एकटी होडी कोणी नेत नाही म्हणे.

मासा वेगळा. गुलकानाहून परतल्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, श्रावणाच्या अलीकडे, बाबा आणि मुलगी गाइडसोबत एक दिवस होडीत. दोघांना दोन मासे, काठी बंद. @कुस्कोक्विम_काठ, तुमचा प्रतिसाद बाबांनी दोनदा वाचायला लावला. वेंगुर्ल्यात मासळी बंदीच्या दिवसांत होड्या वर ओढून ठेवतात, तसंच हे, असं म्हणाले.

कानेकटोक मुलगी मोठी झाल्यावर. नवऱ्याने ते लिहून घेतलंय, सही मागतोय.

हुक_लाइन

चांगला बेत. एकच: निघायच्या आदल्या दिवशी आणि पॅक्सनला नेटवर्क जायच्या आधी अलास्का फिश अँड गेम खात्याचे आपत्कालीन आदेश बघा. किंगवरची परवानगी मोसमाच्या मध्येही बंद होते, आणि 'मला माहीत नव्हतं' हे तिथे चालत नाही.

अनघा_ओक

दोन राफ्टचं ऐकून बरं वाटलं. लाइफ जॅकेट बाबांच्या मापाचं आधीच घेऊन बघा, भाड्याची जॅकेटं पोटाला बसत नाहीत.

डॉ_पित्त

+१. आणि गुडघ्यांसाठी पायवाटेवर दोन काठ्या. पाव मैल म्हणजे थोडं वाटतं, पण गुडघ्यांना उतार मोजता येतो.

मालवणी_खाजा

बाबांका सांगा, आगळ बाटलीत नको, प्लास्टिकच्या डब्यात दोनदा पिशवी घालून आणा. माझी बॅग अजून आंबट वास मारता.